उरलेल्याचं अर्धं

सोमवार, ३ फेब्रुवारी

हिला आज इस्पितळातून घरी आणलं. लिफ्ट नाही, म्हणून खुर्चीत बसवून दोन माणसांनी तीन मजले चढवली, कपाट चढवतात तशी. वळणावर एकाचा हात निसटला तेव्हा हिच्या तोंडून कसलासा आवाज आला. उजवं अंग लुळं पडलंय आणि बोलणं गेल्यातच जमा आहे. 'हो', 'नको', 'अहो' आणि 'दार' एवढेच शब्द शिल्लक आहेत. एवढ्यावर संसार होऊ शकतो हे आधी कळलं असतं तर आयुष्य फार शांततेत गेलं असतं, असं मी डॉक्टरांना म्हणालो. ते हसले नाहीत.

कसं झालं ते लिहून ठेवतो. निवृत्त झाल्यापासून मी सामान्य वाचकांसाठी अनंतावर पुस्तक लिहितोय. त्या सकाळी चौथ्या प्रकरणाशी झटत होतो. आतून धप्प आवाज आला. वाटलं, पुस्तकांची चळत पडली. हातातलं वाक्य फार अवघड होतं, सोडलं असतं तर पुन्हा सापडलं नसतं. ते पूर्ण करून आत गेलो तर ही जमिनीवर आणि पलंगावर मोठी बॅग उघडी. बॅगेत हिचे कपडे नीट घड्या करून ठेवलेले, चष्म्याची दुसरी जोडी, कॉलेजची प्रमाणपत्रं, हिच्या आईचा फोटो. कपाट आवरायला काढलं असणार. त्यात प्रमाणपत्रं कशाला काढली ते हिलाच ठाऊक. बॅग मी बंद करून माळ्यावर टाकली.

बाकी वाक्य चांगलं जमलं होतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मुलगी येऊन थडकली. दुसऱ्या शहरात राहते, गाडीनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. दारात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "मी आईला न्यायला आलेय. माझं घर तळमजल्यावर आहे. खुर्चीतून उतरवू आणि गाडीत निजवू."

मी म्हणालो, "माझी बायको म्हणजे काय सामान आहे का, उचललं आणि नेलं?"

"ती त्या दिवशी माझ्याकडेच यायला निघाली होती, बाबा. सकाळी फोन केला होता तिनं मला. 'येते' म्हणाली."

हे मला नवीनच. म्हणजे लेकीकडे चार दिवस जायचं ठरवलं होतं आणि मला सांगायचं विसरली. विसराळूपणा हे या आजाराचं पहिलं लक्षण असतं म्हणतात. डॉक्टरांना सांगायला हवं.

शब्दाला शब्द वाढत गेला. शेवटी मी तोड काढली. म्हटलं, "ही स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडेल त्या दिवशी खुशाल घेऊन जा. मी अवाक्षर काढणार नाही." मुलीनं आईकडे पाहिलं. "आई, तू नुसती मान हलव, आत्ता नेते." ही बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको." आणि डाव्या हातानं पायांकडे बोट दाखवून, "हो."

मुलगी रडली. मला मात्र भरून आलं. इतक्या वर्षांनी का होईना, माझ्या म्हणण्यातलं तथ्य हिला एका झटक्यात पटलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज हातात खडू घेतला. किती दिवसांनी!

कल्पना आंघोळ करताना सुचली. चौथ्या प्रकरणात ते प्राचीन कोडं आहे: दारापर्यंत जायचं तर आधी अर्धं अंतर जायला हवं. मग उरलेल्याचं अर्धं. मग त्या उरलेल्याचं अर्धं. दर वेळी काहीतरी उरतंच, म्हणजे असे टप्पे अनंत. आणि अनंत टप्पे कोण संपवणार? तरीही आपण रोज दाराबाहेर पडतो, भाजी आणतो. कोड्याचं उत्तर असं, की अर्धा अधिक पाव अधिक अर्धपाव अशी न संपणारी बेरीज शेवटी बरोब्बर एक भरते. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जांभई अर्धवट सोडायची.

आमचं घर या कामासाठी जणू मुद्दाम बांधलंय. पलंगापासून निघालं की सरळ रेषेत पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला मुख्य दार. मी अंतर मोजलं आणि बरोबर मध्यावर रेघ मारली. पद्धत ठरली: दर पंधरवड्याला एक रेघ. रेघेला अंगठा टेकला की थांबायचं, पुढे एक केसभरही नाही. पंधरा दिवस तेवढंच अंतर पक्कं करायचं, मग रविवारी परीक्षा, आणि उत्तीर्ण झाल्यावर उरलेल्याच्या अर्ध्यावर नवी रेघ. घाई नाही.

उपचारांतून प्रकरण आणि प्रकरणातून उपचार. असं पुस्तक आजवर कोणी लिहिलं नसेल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुपारी हिला करमावं म्हणून अनंत खोल्यांच्या हॉटेलची गोष्ट सांगितली. सगळ्या खोल्या भरलेल्या. नवा पाहुणा येतो. मॅनेजर शांतपणे सांगतो, पहिल्या खोलीतल्यानं दुसरीत जावं, दुसरीतल्यानं तिसरीत, आणि असंच पुढे. झाली पहिली खोली रिकामी! कितीही पाहुणे आले तरी जागा होतेच.

ही बराच वेळ ओठ हलवत होती. मग मोठ्या कष्टानं म्हणाली, "त्यांची... झोप?"

मला हसू आवरेना. चाळीस वर्षं गणिताच्या माणसाबरोबर राहून अडलं कुठे, तर झोपेवर! मी समजावलं, की हे पाहुणे काल्पनिक आहेत, त्यांना झोप लागत नाही आणि सामानही नसतं. तरी चेहरा कोराच. म्हणून आपल्याच घराचं उदाहरण दिलं. मागच्या खोलीत हिचं शिवणाचं मशीन होतं. माझी पुस्तकं वाढली तसं ते पॅसेजमध्ये आलं, तिथून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत. गॅलरीतून कुठे गेलं ते आठवत नाही. पण आपल्या घरात जागा नाही असं कधी झालं का?

ही भिंतीकडे तोंड करून पडली. दमली असावी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पहिल्या रेघेचे प्रयत्न सुरू आहेत. मालिश आणि व्यायामासाठी इस्पितळानं एक बाई पाठवली आहे. शिकलेली आहे, स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवते. मी व्यायामवाली म्हणतो. रेघ बघून तिनं डोळेच विस्फारले. "सर, सुरुवातीलाच अर्धा पॅसेज? आणि नंतर बोट-बोट? अहो, उलटं करा. आधी थोडं, मग जास्त."

म्हटलं, "उलटं केलं तर कोडंच उरत नाही."

"पण पेशंट उरला पाहिजे ना, सर."

तोंडाळ आहे.

ही आज पलंगापासून तिसऱ्या पावलाला कोसळली. गुडघा फुटला. व्यायामवाली म्हणाली, आजच्यापुरतं इथेच थांबू. मी म्हटलं, पडल्या जागेपासून सुरू केलं तर तो अर्धा राहत नाही, तुकडे होतात. पलंगापासून पुन्हा. दुसऱ्यांदा ही चौथ्या पावलाला कोसळली, म्हणजे प्रगती आहे. पॅसेजमध्ये रक्ताचे डाग पडलेत, पण रेघ पुसली गेली नाही.

रविवार, ९ मार्च

पहिली रेघ! ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला, पण लागली. डाव्या हातात काठी, उजवा पाय फरपटत. अंगठा रेघेला टेकला तेव्हा ही घामानं न्हाली होती. खालचा ओठ दाताखाली धरून फोडला होता.

मी म्हणालो, "शाबास. थांब."

थांबली नाही! पुढचं पाऊल उचलायला लागली. मी खांद्याला धरून मागे ओढलं. हट्टी आहे, पूर्वीपासूनच. खुर्चीत बसवून शांतपणे समजावलं, की शिस्तीशिवाय पद्धतीला अर्थ नाही. आज अर्धं झालं, नवी रेघ पुढच्या परीक्षेसाठी. घाई नाही.

"दार," ही म्हणाली.

"हो, दारच," मी म्हणालो. "पण क्रमानं."

रविवार, २३ मार्च

दुसरी रेघ पार पडली आणि व्यायामवालीला कामावरून काढलं. मी स्नानाला गेलो असताना या दोघी रेघेच्या पुढे गेल्या होत्या. चांगली तीन पावलं! मी टॉवेलवरच बाहेर आलो. व्यायामवाली टाळ्या वाजवत होती आणि ही हसत होती. हिचं हसणं आता एका बाजूलाच येतं. बघवत नाही.

"सर, त्या चालू शकतात," व्यायामवाली मलाच सांगते. "त्यांना चालू द्या. मे महिन्यापर्यंत जिना उतरतील."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही मालिका बिघडवलीत." तिनं सामान आवरलं. जाताना हिच्या कानात काहीतरी सांगितलं. इस्पितळाला मी कळवून टाकलं, की पुढचं मी बघतो.

शिक्षा म्हणून नव्हे, पण मोजमाप शुद्ध राहावं म्हणून तिसरी रेघ एक आठवडा पुढे ढकलणार होतो. मग नाही ढकलली. माझा स्वभाव मुळात मऊ आहे.

रविवार, ६ एप्रिल

मुलगी आली होती. तिसरी रेघ तिच्यासमोर झाली. आता हिच्या परीक्षेच्या वेळी दार उघडं ठेवतो, म्हणजे ध्येय डोळ्यांसमोर राहतं. समोरच्या घरातली दातांची डॉक्टरीण तिच्या दारात उभी राहून बघत होती. "काकू, टाका की अजून दोन पावलं! आलंच!" म्हणून ओरडली. परीक्षा चालू असताना बाहेरच्यांनी सुचवू नये एवढं साधं भान नाही. दार लावून घेतलं.

मुलगी पॅसेजमध्ये उकिडवी बसून रेघांकडे बघत राहिली. लहानपणी पाढे चुकले की मी तिला असंच भिंतीशी उकिडवी बसवायचो, त्याची आठवण झाली. मग म्हणाली, "बाबा, तुमच्या नियमानं पहिल्या अर्ध्याला पंधरा दिवस. पुढच्याला, तो निम्मा असून, परत पंधरा दिवस. पुढे वीतभराला पंधरा दिवस, बोटभराला पंधरा दिवस. अंतर निम्मं निम्मं होतंय, पण वेळ कुठे निम्मा होतोय? आई पोचणार कधी?"

"बेरीज एक भरते," मी म्हणालो. "तुला दहावीत शिकवलं होतं. तेव्हाही नापास झालीस."

"कागदावर भरते, बाबा. चालणाऱ्याला तितकेच पंधरवडे लागतात, आणि तितके कुणाकडेच नसतात."

मी तिला कोड्याचं उत्तर पहिल्यापासून समजावायला बसलो. तिनं ऐकलं नाही. आत जाऊन आईच्या पायाशी बसली. दोघी कुजबुजत होत्या, म्हणजे मुलगी कुजबुजत होती आणि ही एकेक शब्द ठेवत होती. मी आत गेलो की गप्प. विचारलं तर मुलगी म्हणाली, "आईला सांगत होते, चल. ती नको म्हणते. अट पाळूनच जाणार म्हणते."

बघा! शब्दाला जागणारी बाई आहे. मी उगाच नाही लग्न केलं.

मंगळवार, २२ एप्रिल

चौथी रेघ परवा झाली. हिला आज एक नवा शब्द आला: "मूर्ख." अगदी स्वच्छ, जोडाक्षरासकट. कोणाला उद्देशून ते कळलं नाही, कारण खोलीत आम्ही दोघंच होतो. बहुधा हॉटेलच्या मॅनेजरला.

रविवार, १८ मे

सहावी रेघ. दार आता चार बोटांवर.

काठीनं ही झपझप येते. पलंगापासून रेघेपर्यंत यायला पूर्वी अर्धी सकाळ जायची, आता माझा चहाही निवत नाही. पण खरी परीक्षा पोचण्यात नसते, थांबण्यात असते. उघड्या दारासमोर, उंबरठ्यापासून चार बोटांवर अंगठा टेकून ही उभी राहते. जिन्यावरचा वारा तोंडावर येतो. मी म्हणतो, "थांब. दहा श्वास मोज." ही मोजते. मग मागे वळते. आज वळताना डोळ्यांत पाणी होतं. मलाही काहीतरी झालं, खोटं कशाला सांगू? हात पुढे केला होता. मग वाटलं, एवढे महिने शुद्ध राखलेली मालिका आपणच का विटाळायची.

संध्याकाळी चौथं प्रकरण हिला वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणाली, "परत." म्हणून अर्ध्याअर्ध्याचा भाग पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही वाचायला लावला. इतक्या वर्षांत हिनं माझं लिखाण असं कधी मागितलं नव्हतं. मी सुखानं रडलो. हिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, दुकानात एखादी वस्तू घ्यावी की नाही असं ठरवताना बघतात तसं.

गुरुवार, २९ मे

काहीतरी गडबड आहे. मी वाचनालयातून येतो तेव्हा शेवटच्या रेघा फिसकटलेल्या असतात. काल पायपुसणं दाराबाहेर अर्धं सरकलेलं होतं. आज हिच्या काठीच्या रबराला जिन्यावरची लाल माती लागलेली दिसली. डॉक्टरिणीचं मांजर आत येत असणार, आणि माती चपलांनी येते. तरीपण मनात शंका आली, की ही झोपेत उठून चालत तर नसेल? अशा रुग्णांचं काही सांगता येत नाही. जिन्यावरून पडली तर?

हिच्या काळजीपोटीच ठरवलं, की दाराला अगदी वर एक कडी बसवायची. डावा हात पोचणार नाही आणि उजवा उचलत नाही. बाजारातून कडी, स्क्रू आणून ठेवले. हिला दाखवले. म्हटलं, "तुझ्यासाठी."

रेघा मी पुन्हा ठळक केल्या, पहिल्यापासूनच्या सगळ्या.

शनिवार, ७ जून

इस्पितळातून लिहितोय. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. उताणं पडून लिहिताना अक्षर वेडंवाकडं येतंय.

गेल्या रविवारची हकीगत. परीक्षेआधी कडी बसवून टाकावी म्हणून दार सताड उघडून स्टुलावर चढलो. स्टूल कलंडलं. मी उंबरठ्याच्या आतल्या बाजूला आडवा, दार ते भिंत अख्खी वाट अडवून. बरगड्यांनाही मार बसला होता, ओरडायला गेलो तर नुसती फुसफूस. "अगं ए," म्हणालो. "फोन. फोन आण."

ही खोलीच्या दारात आली. काठी घेऊन उभी राहिली. मला पाहिलं. मग निघाली.

पहिल्या रेघेशी आली आणि अंगठा टेकून थांबली.

मी म्हटलं, "अगं, थांबतेस काय!" ही श्वास मोजत होती. दहा झाले. मग दुसरी रेघ. थांबली. दहा श्वास. मी काय काय म्हणालो ते लिहीत नाही. विनवण्या केल्या, शिव्याही दिल्या असतील. "आज नियम राहू दे गं," म्हणालो. तिसरी रेघ. टेलिफोनचं टेबल तिच्या डाव्या हाताला होतं, तिकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या रेघेशी तिच्या चपला माझ्या तोंडासमोर आल्या. पायाची वेदना अशी होती, की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पाचवी. ती दहाच श्वास घेत होती, मी शंभर घेत असेन. सहावी रेघ माझ्या अंगाखाली होती. ती कुठे असणार याचा तिनं अंदाज घेतला आणि काठीच्या टोकानं मला जरा ढोसून बाजूला सरकवलं. रेघ दिसल्यावर अंगठा टेकला.

"लवकर," मी म्हणालो.

"घाई नाही," ती म्हणाली. अख्खं वाक्य. आवाज अगदी पूर्वीचा.

दहा श्वास झाले. कडीच्या गडबडीत सातव्या रेघेसाठी अर्धं अंतर मोजायचंच राहिलं होतं. तिनं डाव्या हातानं चौकट धरली, चांगला पाय माझ्यावरून पलीकडे टाकला आणि मग लुळा पाय ओढून घेतला. चपलेची कड माझ्या मोडक्या खुब्याला घासली. मी किंचाळलो असेन. ती बाहेर उभी होती, जिन्यावर, दोन्ही पायांवर. मग काठीनं डॉक्टरिणीचं दार ठोठावलं.

रुग्णवाहिका आली तेव्हा ही डॉक्टरिणीच्या घरात चहा पीत बसली होती. मला स्ट्रेचरवरून जिना उतरवताना दिसली. कप डाव्या हातात होता. संध्याकाळी मुलगी गाडी घेऊन आली. जिना ही स्वतः उतरली म्हणे, कठडा धरून. माळ्यावरची बॅगही नेली. आवरायची गरजच नव्हती.

अट पुरी झाली, तेव्हा तक्रारीला जागा नाही. फक्त एक प्रश्न छळतोय. सहाव्या रेघेपुढे अजून अनंत रेघा शिल्लक होत्या. त्या सगळ्या एका पावलात गेल्या कुठे? चौथ्या प्रकरणात याचं उत्तर नाही. मला वाटायचं, आहे.

रविवार, १५ जून

शुश्रूषागृहात हलवलं. खोली लहान, पण स्वच्छ आहे. पलंगासमोर दार, दाराबाहेर लांब व्हरांडा.

व्यायाम शिकवायला कोण यावं? तीच. इथे नोकरीला लागली आहे. मला वाटलं आता उट्टं काढणार. तिनं माझा पाय हळूच उचलला, उशी सारली. "जमेल तेवढंच करू, सर," म्हणाली. मग गालातल्या गालात, "का रेघा मारायच्या?"

मी नको म्हणालो. जरा मोठ्यानं म्हणालो असेन. शेजारच्या खोलीतला पेशंट जागा झाला.

संध्याकाळी मुलीला फोन केला. म्हटलं, आईला विचार, भेटायला कधी येते. फोन हातात धरून तिनं आत विचारलं. मग म्हणाली, "येते म्हणाली. पुढच्या रविवारी कळवते, कुठवर आली ते."

रविवार, २२ जून

फोन आला! मी विचारायच्या आधीच मुलगी म्हणाली, "आई निघालीये, बाबा. अर्धी वाट आली."

म्हणजे टप्प्याटप्प्यानं प्रवास करतायत. अशा आजारातून उठलेल्या माणसानं एका दमात लांबचा प्रवास करूच नये. वाटेत कुठेतरी मुक्काम केला असेल. व्यायामवालीला सांगितलं, की माझी बायको येतेय, खुर्ची हवी. तिनं आणून दिली. काही बोलली नाही, आणि ती न बोलणारी बाई नव्हे.

रविवार, २९ जून

"कुठवर आली?" "उरलेल्याच्या अर्ध्यावर, बाबा."

मला हसू फुटलं. माझ्याच प्रकरणातले शब्द! मागे कोणीतरी हसलं, आणि मग हिचा आवाज आला, लांबून पण स्वच्छ: "सांग त्यांना, घाई नाही." किती सुधारलीये! उगाच नाही मी म्हणत पद्धत उत्तम होती म्हणून.

रविवार, ६ जुलै

पुन्हा उरलेल्याचं अर्धं. म्हणजे आता अर्धपावच राहिलं.

चालायला सांगतात, पण मी फारसं चालत नाही. व्हरांड्यात गेलो आणि नेमकी तेव्हाच ही आली तर? खोलीत कोणी नाही म्हणून परत जायची. मला ही हवी आहे. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. चहा दोघांचा मागवतो, एक निवून जातो.

रविवार, २० जुलै

फोन आला. तेवढंच वाक्य, मुलगी आता एका सुरात म्हणते, पाढ्यासारखं. मी म्हटलं, "अगं, मग आता वेशीपाशीच आली असेल की!" ती म्हणाली, "हो बाबा. अगदी जवळ." आणि जरा वेळानं, "पुढच्या रविवारी फोन करते."

दर वेळी रविवारीच का करते, मधे का नाही करत, हे विचारायचं राहून जातं. अंतर एवढं कमी झाल्यावर रोज कळवायला काय हरकत आहे? व्यायामवालीला हिशेब दाखवला. अर्धा, पाव, अर्धपाव, छटाक. म्हटलं, बेरीज बघा, एक भरतेय. तिनं कागद हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, चला, थोडं चालू या." तिचे डोळे भरले होते. का, कोण जाणे. मी नको म्हणालो.

बुधवार, २३ जुलै

सकाळी दार लावायला इथल्या कामवाल्या मावशी आल्या, त्यांना उघडंच ठेवायला सांगितलं. आज रविवार नाही, तरी दाढी केली. धुतलेला शर्ट घातला. खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतली, तिच्यावरचा टॉवेल काढला. ही आली की पहिल्यांदा ते सहाव्या रेघेचं विचारणार आहे. रागावणार नाही. आता बोटभरच राहिलंय, एवढ्यासाठी काही रविवारपर्यंत थांबावं लागत नाही. दाराकडे तोंड करून बसलो आहे.